पाच दिवसांची गोळी, चौदा महिन्यांची गोळी

डिसेंबरातली रात्र होती, साडेअकरा वाजून गेले होते. टमटममधून दोघांनी उचलून एका बाईंना आत आणलं. वय अठ्ठावन्न. खाटेच्या कडेला दोन्ही हात टेकवून, खांदे वर ओढून बसलेल्या. एका श्वासात दोनच शब्द बोलता येत होते. सून म्हणाली, "आत्याबाई चार दिसांपासून आडव्या झाल्याच न्हाईत म्याडम. बसूनच रात्र काढतेत."

हे प्रकरण मी बाईंच्या आणि घरच्यांच्या संमतीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. बाकी जे घडलं ते, आमच्या चुकीसकट, तसंच ठेवलं आहे.

बाईंनी आयुष्यात विडी ओढलेली नाही. मिश्री मात्र लहानपणापासून. आणि चूल. पऱ्हाट्या, तुराट्या, पावसाळ्यात गोवऱ्या, असा पंचेचाळीस वर्षांचा धूर, तोही बिनखिडकीच्या सैपाकघरात. उज्ज्वलाचा सिलिंडर घरी आहे. त्यावर चहा होतो, भाकरी आणि अंघोळीचं पाणी अजून चुलीवरच. धूम्रपान न करणाऱ्यांनाही सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार, होतो, आणि त्यात चुलीच्या धुराचा वाटा मोठा आहे, हे पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी 2009 साली 'लॅन्सेट'मध्ये मांडलं. तरी आजही दम लागलेली बाई आली की "दमा" एवढंच लिहून पुढे जाण्याची सवय आपल्याकडे गेलेली नाही. या बाईंच्या जुन्या कागदांवरही सगळीकडे तेवढंच लिहिलेलं होतं.

तपासलं तेव्हा हवेवर ऑक्सिजन 81 टक्के, श्वास मिनिटाला 34, नाडी 124, रक्तदाब 150/90. छातीत दोन्हीकडे शिट्ट्या, बेडका हिरवट आणि नेहमीपेक्षा जास्त. धमनीतल्या रक्ताचा पीएच 7.31, कार्बन डायऑक्साइड 58, म्हणजे तो साठून रक्त आम्लाकडे झुकलेलं. आदल्या संध्याकाळी गावात एक सुई आणि सलाईन झालेलं होतं. सुई डेक्सामेथासोन या स्टिरॉइडची होती, हे सोबतच्या चिठ्ठीवरून कळलं. रक्तातली साखर 268.

पहिली रात्र

आजार असा अचानक बळावतो, त्या भडक्यात श्वासनलिकांच्या भिंती सुजतात, त्यांचे स्नायू आवळतात, आत चिकट कफ साठतो. आत घेतलेली हवा बाहेर पडेनाशी होते आणि छाती फुगलेलीच राहते. आवळलेले स्नायू साल्ब्युटामॉल आणि इप्राट्रोपियमच्या वाफेने काही मिनिटांत सैलावतात. सूज तशी उतरत नाही. स्टिरॉइड पेशीच्या आत जाऊन सूज वाढवणाऱ्या जनुकांचं काम मंद करतं, आणि त्याला काही तास लागतात. म्हणून वाफ आधी सुरू होते, आणि स्टिरॉइडही त्याच रात्री द्यावं लागतं. ते सकाळवर ढकलून चालत नाही.

ऑक्सिजन 88 ते 92 च्या मध्ये राहील एवढाच ठेवला. मुलगा दोनदा उठून नळाची कळ पूर्ण उघडायला गेला, आणि त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. आई तडफडताना कुणाचाही हात तिकडेच जाईल. पण अशा रुग्णाला भरमसाट ऑक्सिजन दिला तर कार्बन डायऑक्साइड आणखी साठतो. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या टास्मानियातल्या चाचणीत रुग्णवाहिकेतल्या 405 लोकांना मोजून किंवा भरपूर ऑक्सिजन दिला गेला. मोजून दिलेल्यांत मृत्यू निम्म्याहून कमी झाले. मुलाला मी एवढंच म्हटलं, "दादा, या आकड्याकडे बघत बसा. नव्वदच्या आसपास असेल तर आई बरी आहे." तो रात्रभर त्या लाल आकड्यासमोर बसून राहिला.

कोविडच्या काळात आलेलं बायपॅप यंत्र होतं, मुखवट्यातून दाबाने हवा देऊन श्वासाला आधार देणारं, ते लावलं. हिरवा बेडका आणि वाढलेला दम, दोन्ही असल्यामुळे प्रतिजैविक सुरू केलं. थुंकी सीबी-नॅटला पाठवली, कारण आपल्या भागात क्षयाची शंका मनात न आणता स्टिरॉइड लिहिणं योग्य नाही. अहवाल निगेटिव्ह आला.

स्टिरॉइडचं नाव काढताच मुलगा बिचकला. "नको म्याडम, त्यानं काळी बुरशी होती." 2021 च्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसने डोळे गमावलेली माणसं या भागाने पाहिली आहेत, त्याची भीती खोटी नव्हती. मी त्याला सांगितलं की मोजके दिवस, मोजका डोस, साखर रोज तपासणार, आणि पाचव्या दिवशी बंद. तो तयार झाला. त्या वेळी त्यालाही माहीत नव्हतं, आणि मलाही नव्हतं, की हेच औषध आई वर्षभराहून जास्त काळ रोज घेत होती.

मी बाईंना विचारलं होतं, "मावशी, स्टिरॉइडच्या गोळ्या घेता का कधी?" मुखवट्याआडून त्यांनी मान हलवली. "न्हाई बाई, तसलं काही घेत न्हाई." केसपेपरवर मी लिहिलं: पूर्वी स्टिरॉइडच्या गोळ्या नाहीत.

पाचच दिवस का

रात्री हायड्रोकॉर्टिसोन या स्टिरॉइडचं एक इंजेक्शन दिलं, कारण मुखवटा काढून गोळी गिळवण्याची परिस्थिती नव्हती. दुसऱ्या सकाळपासून प्रेडनिसोलोन, तेही स्टिरॉइडच, रोज 40 मिलिग्रॅम, नाश्त्यानंतर, तोंडाने. घरच्यांना हे खटकलं. सुई आणि सलाईनवर आपल्या लोकांचा फार जीव. गोळी म्हणजे हलका इलाज. पण नेदरलँड्समध्ये दाखल असलेल्या 210 रुग्णांवर हेच तपासलेलं आहे, 2007 साली: शिरेतून दिलेलं प्रेडनिसोलोन आणि तोंडाने दिलेलं, दोन्हींचा गुण सारखाच. गिळता येत असेल तर गोळी पुरते.

दिवसांचा हिशोब मात्र सरळ मार्गाने ठरलेला नाही. 1999 मध्ये अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांमधून 271 रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. काहींना आठ आठवडे स्टिरॉइड, काहींना दोन आठवडे, काहींना औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी. तीस दिवसांत उपचार फसण्याचं प्रमाण दिखाऊ गोळीत 33 टक्के, स्टिरॉइडमध्ये 23. म्हणजे फायदा खरा. पण आठ आठवडे घेणाऱ्यांना दोन आठवड्यांपेक्षा जास्त काहीच मिळालं नाही. साखर वाढून उपचार लागलेले लोक स्टिरॉइडच्या गटात 15 टक्के, दिखाऊ गोळीत 4.

मग 2013 साली स्वित्झर्लंडमधून पुढची चाचणी आली: पाच दिवस की चौदा? तीनशेहून थोडे अधिक रुग्ण, डोस दोन्हीकडे रोज 40 मिलिग्रॅम. सहा महिन्यांत पुन्हा भडका उडाला तो पाच दिवसवाल्यांपैकी 35.9 टक्क्यांना आणि चौदा दिवसवाल्यांपैकी 36.8 टक्क्यांना. फरक नाहीच. पोटात गेलेलं एकूण स्टिरॉइड मात्र सरासरी 379 आणि 793 मिलिग्रॅम. त्यानंतर जगभर 40 मिलिग्रॅम, पाच दिवस, असा शिरस्ता पडला. मी तो मनापासून मानते. आमच्या वॉर्डात दहा-पंधरा दिवसांचं "हळूहळू कमी करा" लिहिण्याची जुनी सवय मोडायला मला दोन वर्षं लागली.

यात एक बारीक गोष्ट आहे आणि ती मी आधी कधी नीट वाचली नव्हती. अमेरिकेच्या त्या चाचणीत आधीच्या तीस दिवसांत पोटातून किंवा शिरेतून स्टिरॉइड घेतलेल्यांना प्रवेशच नव्हता. दोन्ही चाचण्यांतले लोक वर्षानुवर्षं सिगारेट ओढलेले. चुलीपुढे बसलेली, डबीतल्या गोळीवर जगणारी आमची बाई तिथे बसली नसती. आकडे चुकीचे नव्हते. ते तिच्याबद्दलचे नव्हते.

बाईंची तब्येत झकास सुधारली. तिसऱ्या दिवशी बायपॅप काढलं, चौथ्या दिवशी त्या वऱ्हांड्यात चालल्या. साखर सकाळी उपाशीपोटी जवळजवळ ठीक आणि दुपारी जेवणानंतर तीनशेच्या वर, असा प्रेडनिसोलोनचा ठरलेला नमुना दिसला. सकाळी इन्सुलिन देऊन सांभाळली. गेल्या तीन महिन्यांची साखर सांगणारं एचबीएवनसी 7.4. नवा मधुमेह सापडला, असं लिहून मेटफॉर्मिन सुरू केलं. पाचव्या दिवशी पाच-पाच मिलिग्रॅमच्या शेवटच्या आठ गोळ्या दिल्या, सहाव्या दिवशी घरी सोडलं. श्वासातून औषध घ्यायचा पंप स्पेसरला, म्हणजे औषध धरून ठेवणाऱ्या नळकांड्याला, लावून कसा ओढायचा ते सुनेला आणि बाईंना तीन-तीनदा करायला लावलं. निघताना मी कागदावर औषधांची यादी दिली आणि बजावून सांगितलं: "या यादीबाहेरची एकसुद्धा गोळी घ्यायची नाही, मावशी."

त्यांनी ते पाळलं.

नववा दिवस

तीन दिवसांनी त्याच टमटममधून त्या परत आल्या. मुलगा म्हणाला पुन्हा दम वाढलाय. पण मी छातीला स्टेथोस्कोप लावला तर छाती मोकळी. ऑक्सिजन हवेवर 92. दम नव्हताच, बाई गळून गेल्या होत्या. दोन दिवस उलट्या, पाणी ठरत नव्हतं, उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी. रक्तदाब 84/50. साखर 58. सोडियम 126, पोटॅशियम ठीक.

ड्युटीवरचा तरुण डॉक्टर म्हणाला, "मॅडम, सेप्सिस." जंतुसंसर्ग अंगभर भिनला, असं वाटण्यासारखंच चित्र होतं. पण ताप नव्हता, लघवी स्वच्छ, छातीचा फोटो आधीपेक्षा चांगला. मग रक्ताचा अहवाल आला आणि त्यात एका ओळीवर माझी नजर अडली. इओसिनोफिल, म्हणजे पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, 7 टक्के, एकूण 7,900 पेशींमध्ये. मोठ्या जंतुसंसर्गात या पेशी रक्तातून नाहीशा होतात. इथे त्या वाढलेल्या होत्या.

मी पहिल्या रात्रीचा अहवाल काढला. तेव्हा पांढऱ्या पेशी 13,400, न्यूट्रोफिल 88 टक्के आणि इओसिनोफिल शून्य. ते शून्य मी त्या रात्री पाहिलं होतं. गावात डेक्सामेथासोनची सुई झालेली, तिने पेशी खाली नेल्या, असं मनाशी म्हणून पान उलटलं होतं. आता बाईंकडे नीट पाहिलं. चेहरा गोल, गाल भरलेले. हातपाय मात्र काटकुळे. मनगटाच्या वर कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी, तिच्यावर जांभळे डाग. आधीच्या सहा दिवसांत हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं. डाग सुयांचे समजले, गाल अंगकाठीचे, आणि तीन महिन्यांची साखर सांगणारा तो 7.4 चा आकडा आपल्याआप झालेला मधुमेह समजले.

सुनेला बाजूला घेतलं. या वेळी स्टिरॉइड हा शब्द वापरला नाही. "घरात आत्याबाईंच्या जेवढ्या म्हणून गोळ्या आहेत, उशाखालच्या, कपाटातल्या, डब्यातल्या, सगळ्या आणून दाखवा." ती थोडी घुटमळली. मग म्हणाली, "त्या ताकदीच्या बारीक गोळ्या? त्या तर तुमीच बंद केल्या ना म्याडम."

दोन तासांनी तिचा नवरा गावाहून मिश्रीची एक पत्र्याची डबी घेऊन आला. झाकण उघडलं तर मिश्रीचा काळा भुगा झटकून आत वीस-बावीस सुट्या, पांढऱ्या, मसुराएवढ्या गोळ्या. डबीखाली जपून घडी केलेलं एक रिकामं पाकीट: बेटामेथासोन, अर्धा मिलिग्रॅम. हेही स्टिरॉइडच. मागच्या वर्षी दिवाळीच्या आधी असाच भडका उडाला तेव्हा कुणीतरी पाच दिवसांसाठी लिहून दिलेल्या. बरं वाटलं. सहाव्या दिवशी रिकामं पाकीट दाखवून आणखी आणल्या. मग दर बाजाराला. सकाळी एक, संध्याकाळी एक, चौदा महिने. "त्या गोळीनं भूक लागती, हातपाय मोकळे व्हतेत," बाई नंतर मला म्हणाल्या. त्यांच्या दृष्टीने ती दम्याची गोळीही नव्हती, मग स्टिरॉइड कुठली.

रोज 1 मिलिग्रॅम बेटामेथासोन म्हणजे साधारण 8 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन. चौदा महिन्यांचं मिळून 3,300 मिलिग्रॅमच्या पुढे. मुलगा ज्या पाच दिवसांना घाबरला, त्यांचे होतात 200.

बाहेरून एवढं स्टिरॉइड रोज येत राहिलं की मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी मूत्रपिंडावर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथींना कॉर्टिसोल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड, बनवायचा हुकूम देणं थांबवते. ग्रंथी आळसावतात, आकसतात. आमच्या प्रेडनिसोलोनने पाच दिवस ती उणीव झाकली. ते थांबवलं, आणि बाईंनी माझं ऐकून डबीही बंद केली. शरीराजवळ स्वतःचं कॉर्टिसोल नव्हतं. आजारातून उठलेल्या माणसाला ते सगळ्यात जास्त लागतं तेव्हाच नव्हतं. त्यांनी चोरून एखादी गोळी घेतली असती तर कदाचित ही वेळ आली नसती, हा विचार मला त्या रात्री झोपू देत नव्हता.

कॉर्टिसोलसाठी रक्त काढून ठेवलं आणि अहवालाची वाट न पाहता हायड्रोकॉर्टिसोन 100 मिलिग्रॅम शिरेतून दिलं, मग दर सहा तासांनी 50. सोबत ग्लुकोज आणि सलाईन. इथे थांबून राहिलं तर माणूस जातो. चार तासांत रक्तदाब 110 वर आला. पहाटे बाईंनी स्वतःहून चहा मागितला. दुसऱ्या दिवशी अहवाल आला: कॉर्टिसोल 1.8, म्हणजे जवळजवळ नाहीच.

पुढचे महिने

आता अडचण अशी, की जे औषध शरीराला पोखरत होतं तेच काही महिने लिहून द्यायचं. मुलाला हे समजावणं पहिल्या रात्रीपेक्षा अवघड गेलं. "तुमीच म्हणला पाच दिवस." मी त्याला सगळं सांगितलं, मी विचारलेला प्रश्न चुकीचा होता, हेही सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आमी तरी कुठं सांगितलं."

प्रेडनिसोलोन 10 मिलिग्रॅमपासून उतरवत नेलं. 5 पर्यंत काही आठवड्यांत, त्याच्या खाली अगदी सावकाश. पाठीच्या दुखण्याचा फोटो काढला तर एक मणका चेपलेला निघाला; कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि हाडांचं औषध सुरू केलं. सहा आठवड्यांनी, छाती शांत असताना, फुंकून तपासणी केली: पंपाचं औषध दिल्यानंतर, पहिल्या सेकंदात बाहेर पडलेल्या श्वासाचं पूर्ण श्वासाशी गुणोत्तर 0.52, आणि तो पहिल्या सेकंदाचा श्वास अपेक्षेच्या 43 टक्के. सीओपीडी पक्का झाला.

घरच्यांच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन वर्षांपूर्वीचा, गोळ्या सुरू होण्याआधीचा एक रक्ताचा अहवाल सापडला. इओसिनोफिल 5 टक्के, 8,200 मध्ये, म्हणजे 410. हा कागद मला डबीइतकाच मोलाचा वाटतो. सीओपीडीतली सूज सगळ्यांची सारखी नसते. पुष्कळांत ती न्यूट्रोफिल पेशींची असते आणि तिच्यावर स्टिरॉइडचा फारसा प्रभाव पडत नाही. ज्यांच्यात इओसिनोफिल जास्त, त्यांना स्टिरॉइड चांगलं लागू पडतं. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या एका चाचणीत भडक्याच्या वेळी बोटातून थेंबभर रक्त घेऊन इओसिनोफिल 2 टक्क्यांच्या खाली असतील त्यांना स्टिरॉइड दिलंच नाही, आणि त्यांचं काही बिघडलं नाही. हा रस्ता मला पटतो. फक्त आपल्याकडे तो धरण्याआधी एक गोष्ट पाहावी लागेल. इथे रुग्ण आपल्यापर्यंत पोचतो तेव्हा सुई झालेली असते, डबी रिकामी होत असते, आणि शून्य आलेला आकडा सूज कोणती ते सांगत नाही, औषध आधीच पोटात आहे एवढंच सांगतो. जुना कागद शोधावा लागतो.

410 म्हणजे या बाईंना श्वासातून घ्यायच्या स्टिरॉइडचा फायदा होईल असं मानायला जागा होती. पंपात ते जोडलं, न्यूमोनियाची जोखीम सांगितली, ओढल्यावर चूळ भरायची सवय लावली. पोटातून मिलिग्रॅममध्ये जाणारं औषध आता मायक्रोग्रॅममध्ये आणि थेट छातीत जाऊ लागलं. भाकरीची चूल सुनेने अंगणात, आडोशाला नेली. अंघोळीच्या पाण्याचा प्रश्न अजून सुटलेला नाही.

तीन महिन्यांनी सकाळचं कॉर्टिसोल, आदल्या दिवशीच्या गोळीला चोवीस तास झाल्यावर, 6.1. गोळी चालू ठेवली. ऑगस्टमध्ये 11.2. दहाच्या वर गेलं म्हणून बंद केली. तोवर चेहरा उतरला होता, एचबीएवनसी 6.2 वर आलं होतं. बाई मात्र कुरकुरत होत्या, भूक पहिल्यासारखी लागत नाही म्हणून.

माझ्या टेबलाच्या खणात आता बेटामेथासोन, डेक्सामेथासोन आणि प्रेडनिसोलोनची रिकामी पाकिटं आणि दोन-दोन सुट्या गोळ्या असतात. दम लागणाऱ्या माणसाला मी त्या तळहातावर घेऊन दाखवते आणि विचारते, "अशी गोळी घरात आहे का? भूक लागायची, ताकदीची, सांध्याची, कसलीही?" गेल्या काही महिन्यांत या प्रश्नाला "हो" म्हणणारे मला वाटलं होतं त्याहून खूप जास्त निघाले.

जानेवारीत बाईंना पुन्हा भडका आला, या वेळी हलका. दाखल करावं लागलं नाही. 40 मिलिग्रॅम, पाच दिवस, मोजून चाळीस गोळ्या हातात दिल्या. पाकीट दिलं नाही. सुनेने भिंतीवरच्या कॅलेंडरवर पाच तारखांना पेनने गोल केले आणि गोळ्या घेतल्या की त्यावर फुली. सहाव्या दिवशी सकाळी तिचा फोन आला.

"म्याडम, आज गोळी न्हाई ना?"

"नाही. पण उपकेंद्रात चार दिवस रोज बीपी मोजायला न्या. आणि उलटी झाली, चक्कर आली, तर दम नसला तरी लगेच इकडे घेऊन या."